लेझर पॉइंटर आणि डोळे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी साताऱ्याजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो आणि अमावास्येच्या आसपास पठारावर आकाशदर्शनाचे कार्यक्रम घेतो. दोन्हीकडे लेझर पॉइंटर हातात असतो, त्यामुळे पालक, सहकारी शिक्षक आणि आकाशदर्शनाला येणारी मंडळी त्याच्याबद्दल सारखं काही ना काही विचारत असतात. त्यातले नेहमीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. मी डॉक्टर नाही. डोळ्याला काही झालं असेल तर हे वाचत बसू नका. पहिलं उत्तर वाचा आणि निघा.

आत्ताच डोळ्यात लेझर गेला. काय करू?

नजर बाजूला वळवा, डोळे मिटा आणि ज्याच्या हातात पॉइंटर आहे त्याला बंद करायला सांगा. डोळे चोळू नका. चोळल्याने पुढच्या पारदर्शक पडद्यावर ओरखडे उठतात. त्या ओरखड्यांमुळे डोळा दुखतो, लाल होतो आणि सगळं लेझरमुळेच झालं असं वाटत राहतं.

कॅमेऱ्याच्या फ्लॅशनंतर दिसतो तसा ठिपका डोळ्यांसमोर तरळत असेल, तर तो काही मिनिटांत विरायला हवा. तो विरला की दोन्ही डोळ्यांची वेगवेगळी तपासणी करा. मुलांच्या आलेख वहीचा एक कागद घ्या आणि मधोमध पेनाने ठळक टिंब काढा. वाचायचा चष्मा असेल तर तो लावा. कागद हातभर अंतरावर धरून एक डोळा तळहाताने झाका आणि उघड्या डोळ्याने फक्त टिंबाकडे पाहा. आजूबाजूच्या रेघा सरळ दिसतात का? कुठे वाकलेल्या, पुसट झालेल्या किंवा तुटलेल्या वाटतात का? टिंबच गायब आहे का? मग दुसरा डोळा. दोन्ही डोळे उघडे ठेवून केलेल्या तपासणीला काही अर्थ नाही, कारण एका डोळ्यातली उणीव दुसरा डोळा भरून काढतो आणि माणसाला पत्ताही लागत नाही.

रेघा वाकड्या दिसल्या, मधोमध डाग राहिला, अक्षरं तुटक दिसू लागली किंवा डोळ्यांपुढे लालसर पडदा आला, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा. जमलं तर डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या, म्हणजे रेटिनाच्या, तज्ज्ञांकडेच जा. पॉइंटर बिनलेबलचा किंवा जास्त ताकदीचा असेल, तर सगळं नीट दिसत असलं तरी जाऊन या. पॉइंटर सेल काढून सोबत न्या आणि त्याचा रंग, अंतर आणि किती वेळ डोळ्यावर होता हे चिठ्ठीवर लिहून ठेवा.

अजिबात दुखत नाही. म्हणजे काही झालं नसेल ना?

सगळ्यात जास्त फसवणूक इथेच होते. डोळ्याच्या या मागच्या पडद्याला दुखणं कळत नाही, कारण वेदना पोचवणारे मज्जातंतू तिथे नसतात. बोटाला चटका बसला की आपण हात झटकतो. पडद्याला चटका बसला तर कळायला काहीच मार्ग नसतो. कळतं ते नंतर, वाचताना मधलं अक्षर दिसेनासं होतं तेव्हा. उलट, डोळा खुपतोय, पाणी येतंय अशी तक्रार असेल तर ती बहुतेक वेळा चोळल्याची असते.

एवढासा पॉइंटर. घरातला बल्ब त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त उजेड देतो. मग पॉइंटर धोक्याचा कसा?

हा प्रश्न मुलंही विचारतात आणि मला तो फार आवडतो, कारण इथे जरा हिशेब करून पाहता येतो.

नऊ वॉटचा एलईडी बल्ब घ्या. त्यातून साधारण ३ वॉट प्रत्यक्ष प्रकाश बाहेर पडतो असं धरू. हा प्रकाश चहूबाजूंनी पसरतो. अर्ध्या मीटरवरून पाहिलं तर डोळ्याच्या बाहुलीतून त्यातला जेमतेम एका मिलिवॅटचा (मिलिवॅट म्हणजे वॉटचा हजारावा भाग) पन्नासावा भाग आत जातो. पॉइंटर १ मिलिवॅटचा असला, तरी त्याचा झोत बाहुलीपेक्षा बारीक असतो, म्हणून सगळाच्या सगळा आत जातो. बल्बच्या पन्नासपट.

पण खरी गोम पुढे आहे. लेझरचे किरण एकमेकांना जवळपास समांतर असतात आणि आपल्या डोळ्यात भिंग आहे. भिंगाने उन्हात कागद जाळलेला असतो ना आपण सगळ्यांनी? तेच भिंग लेझरचा झोत पडद्यावर सुमारे २० मायक्रॉनच्या ठिपक्यात गोळा करतं. डोक्याचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून तो ठिपका केवढा असेल याची कल्पना येईल.

आता सूर्याशी तुलना करा. भर दुपारी बाहुली आकसून दोन मिलिमीटर होते आणि तिच्यातून सूर्याचा सुमारे ३ मिलिवॅट प्रकाश आत जातो. पडद्यावर सूर्याची प्रतिमा साधारण ०.१६ मिलिमीटर व्यासाची पडते. पाच मिलिवॅटचा पॉइंटर सूर्यापेक्षा जास्त प्रकाश आत टाकतो आणि तोही साठपट लहान जागेत. ग्रहणाच्या दिवशी आपण मुलांना सूर्याकडे पाहू नका म्हणून शंभरदा बजावतो. तेच मूल जत्रेतून पॉइंटर घेऊन आलं तर कौतुकाने पाहतो. हे बदलायला हवं असं मला मनापासून वाटतं.

क्लास २, क्लास ३आर, ३बी म्हणजे काय?

ही आंतरराष्ट्रीय वर्गवारी आहे. भारतीय मानकांमध्ये ती आयएस १४६२४ या नावाने घेतली आहे. दिसणाऱ्या प्रकाशाच्या सतत चालणाऱ्या पॉइंटरपुरतं बोलायचं तर क्लास २ म्हणजे १ मिलिवॅटपर्यंत, ३आर म्हणजे ५ मिलिवॅटपर्यंत, ३बी म्हणजे ५०० मिलिवॅटपर्यंत आणि त्याच्या वरचा सगळा क्लास ४. क्लास १ सर्वसाधारण वापरात निर्धोक मानला जातो.

सभागृहात, वर्गात क्लास २ पुरेसा आहे. ३आर फक्त जबाबदार मोठ्या माणसाच्या हातात शोभतो. ३बी थेट डोळ्यात गेला तर पापणी लवेपर्यंत इजा होऊन जाते. क्लास ४ तर भिंतीवरचा ठिपका जवळून पाहिला तरी घातक ठरू शकतो, कपडा आणि कातडीही जाळतो. ज्या पॉइंटरने काडेपेटीची काडी पेटते किंवा काळा फुगा फुटतो, त्याच्यावर काहीही छापलेलं असो, तो खेळण्याचा किंवा शिकवण्याचा पॉइंटर नाही.

पण पापणी आपोआप मिटतेच की!

क्लास २ ची मर्यादा याच भरवशावर बेतलेली आहे. झगझगीत उजेड पडला की माणूस पाव सेकंदात पापणी मिटतो किंवा मान वळवतो, असं त्यात गृहीत धरलं आहे. अडचण अशी की प्रत्येकाची पापणी प्रत्येक वेळी तेवढ्या चपळाईने मिटतेच असं नाही. दारू प्यायलेल्या माणसाची तर नाहीच. मुलं पैजा लावतात, कोण जास्त वेळ बघतो म्हणून, तेव्हा पापणीचा काही उपयोग नाही. आणि पॉइंटर ५०, १०० मिलिवॅटचा असेल तर पाव सेकंदसुद्धा फार झाला.

लाल बरा की हिरवा? निळा-जांभळा कसा?

रंगावरून ताकद ठरत नाही. डोळ्याला मात्र तसं वाटतं. आपला डोळा हिरव्याला सगळ्यात संवेदनशील असतो. त्यामुळे सारख्याच ताकदीचे दोन पॉइंटर घेतले, तर ५३२ नॅनोमीटरचा हिरवा ६५० नॅनोमीटरच्या लालपेक्षा सुमारे आठपट उजळ दिसतो (हे आकडे तरंगलांबीचे, त्यांवरून रंग ठरतो). म्हणून सभागृहात हिरव्याची ताकद कमी ठेवली तरी भागतं. ही त्याची जमेची बाजू.

४०५ नॅनोमीटरचा जांभळा याच्या अगदी उलट. तो डोळ्याला फिका, निरुपद्रवी दिसतो, म्हणून माणूस निवांत बघत राहतो. पडद्याला पोचणारी ऊर्जा मात्र कमी नसते. शिवाय निळा-जांभळा प्रकाश उष्णतेखेरीज रासायनिक बदलांनीही पडद्याला इजा करतो.

स्वस्त हिरव्या पॉइंटरबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण त्याची अंतर्गत रचना फार थोड्या लोकांना माहीत असते. बहुतेक हिरव्या पॉइंटरमध्ये मुळात हिरवा प्रकाश तयारच होत नाही. आधी ८०८ नॅनोमीटरचा अवरक्त, म्हणजे डोळ्याला न दिसणारा, लेझर पेटतो, तो एका स्फटिकात शिरून १०६४ नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश काढतो आणि दुसरा स्फटिक त्याची तरंगलांबी निम्मी करून ५३२ चा हिरवा देतो. उरलासुरला अवरक्त अडवायला पुढे एक छोटी गाळणी, म्हणजे फिल्टर, बसवायची असते. पैसे वाचवायला काही उत्पादक तीच वगळतात. मग हिरव्याबरोबर न दिसणारा प्रकाशही बाहेर येतो. अवरक्त दिसत नाही, म्हणून पापणी मिटत नाही, बाहुलीही आकसत नाही. पण डोळ्याचं भिंग त्यालाही पडद्यावर आणून सोडतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने २०१० मध्ये अशा एका स्वस्त पॉइंटरची तपासणी प्रसिद्ध केली. हिरवा झोत मंद होता आणि अवरक्त सुमारे २० मिलिवॅट बाहेर पडत होता.

माझ्या पॉइंटरवर ‘५ मिलिवॅटपेक्षा कमी’ असं पिवळं लेबल आहे. मग काळजी नको ना?

लेबलावर विसंबू नका. त्याच अमेरिकन संस्थेने १२२ पॉइंटर मोजून २०१३ मध्ये निष्कर्ष जाहीर केले. हिरव्यांपैकी जवळपास ९० टक्के आणि लालपैकी ४४ टक्के तिथल्या नियमांत बसत नव्हते.

माझा स्वतःचा अनुभवही हेच सांगतो. आकाशदर्शनासाठी मी ऑनलाइन एक हिरवा पॉइंटर मागवला होता. काळा धातूचा, जाड पेनाएवढा, मागे छोट्या किल्लीचं कुलूप, पुढे फिरवली की छतावर चांदण्या पाडणारी टोपी, आत मोठा रिचार्जेबल सेल. लेबल पाच मिलिवॅटच्या आतलं. दोन वर्षं मी तो मुलांच्या घोळक्यात वापरला. एकदा ओळखीच्या प्राध्यापकांच्या प्रयोगशाळेत शक्तिमापकावर धरला, तर काटा ६८ मिलिवॅटवर स्थिरावला. लेबलाच्या तेरापटीहून जास्त. त्या दोन वर्षांत तो कुणाच्या डोळ्यावर गेला नाही, हे केवळ नशीब. त्या रात्री मला झोप लागली नाही.

तुमच्याकडे शक्तिमापक नसणार. मग काही खुणांवरून सावध व्हा. लेबलच नसणं. लेबलावर ताकद आहे पण तरंगलांबी आणि क्लास नसणं. ‘दहा किलोमीटर रेंज’ अशी जाहिरात. कुलूपकिल्ली आणि मोठा रिचार्जेबल सेल. स्वच्छ हवेत, उजेडाच्या खोलीत झोताची रेघ स्पष्ट दिसणं. यातलं काहीही आढळलं तर तो ३बी आहे असंच धरून चाला.

किती लांबून सुरक्षित?

चांगल्या पॉइंटरचा झोत साधारण दर मीटरला एक मिलिमीटरने रुंदावतो, म्हणजे १०० मीटरवर १० सेंटिमीटरचा ठिपका. त्या हिशेबाने, चुकून क्षणभर नजर पडली तर इजा होण्याची शक्यता संपते ते अंतर १ मिलिवॅटला सुमारे ७ मीटर, ५ मिलिवॅटला १६, ५० ला ५० आणि ५०० ला १६० मीटरच्या आसपास येतं. ही अंतरं दिसणाऱ्या प्रकाशाची आहेत आणि पाव सेकंदाच्या पाहण्यापुरती. टक लावून पाहण्याला ती लागू नाहीत, दुर्बिणीतून पाहण्याला तर मुळीच नाहीत. दुर्बीण जास्त प्रकाश गोळा करून डोळ्यात सोडते.

आणि इजा होत नाही म्हणजे त्रास होत नाही असं नाही. ५ मिलिवॅटचा हिरवा झोत अंधारात तीनशे मीटरवरच्या माणसाचेही डोळे दिपवतो.

आरशावरून, काचेवरून परावर्तित झालेला झोतही धोक्याचा?

आरशावरून आलेला जवळपास मूळ झोताइतकाच. साध्या खिडकीच्या काचेचा एक पृष्ठभाग सुमारे ४ टक्के प्रकाश परत फेकतो. आकडा किरकोळ वाटतो, पण माझ्या त्या ६८ मिलिवॅटच्या पॉइंटरचे ४ टक्के म्हणजे पावणेतीन मिलिवॅट झाले, क्लास २ च्या मर्यादेच्या जवळपास तिप्पट. स्टीलचं ताट, गाडीचा आरसा, घड्याळाची काच, मोबाइलचा पडदा, फ्रेम केलेला फोटो, गुळगुळीत फरशी, सगळ्यांपासून जपा. खरबरीत भिंत, कागद, कापड यांवर प्रकाश विखुरतो. क्लास २ किंवा ३आर चा असा ठिपका पाहायला हरकत नाही.

मुलांना खेळायला द्यावा का?

नाही. यावर मी कुणाशी तडजोड करत नाही.

उरुसात, जत्रेत कीचेनचे लाल पॉइंटर मिळतात. मी असे कितीतरी उघडून पाहिले आहेत. एक पितळी नळी, तीन बटण सेल, एवढंसं प्लास्टिकचं भिंग आणि डायोड. ताकद मर्यादेत ठेवणारं खात्रीचं सर्किट बहुतेकांत नव्हतं, एखादा रोधक असला तर असला. तेव्हा प्रत्येक नग वेगळा.

मुलांच्या बाबतीत इजा होते ती बहुधा स्वतःच्याच हाताने किंवा मित्राच्या. ‘आत काय आहे’ हे बघायला मूल नळीत डोकावतं, आरशासमोर उभं राहून स्वतःच्या डोळ्यावर लाईट मारतं. ग्रीसमधल्या नऊ वर्षांच्या एका मुलाची हकिगत २०१८ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आली होती. वडिलांनी विकत घेतलेल्या हिरव्या पॉइंटरमध्ये तो पुन्हा पुन्हा पाहत राहिला. डाव्या डोळ्याच्या पीतबिंदूला, म्हणजे पडद्याच्या मधल्या भागाला (मॅक्युलाला), मोठं भोक पडलं. त्या डोळ्याची नजर ६/३० पर्यंत उतरली, म्हणजे इतरांना ३० मीटरवरून दिसेल ते त्याला ६ मीटरवर जाऊन पाहावं लागतं. नंतरच्या तपासण्यांतही ती सुधारली नाही.

मूल ‘फळा नीट दिसत नाही’ म्हणत असेल आणि चष्म्याने फरक पडत नसेल, तर लेझरशी खेळलं होतं का हे विचारा. प्रेमाने विचारा, ओरडून नको. मार बसेल या भीतीने मुलं हे महिनोन्‌महिने लपवतात आणि डॉक्टर दुसऱ्याच आजाराचा शोध घेत राहतात.

जाता जाता, त्या बटण सेलबद्दलही. लहान बाळाने असा सेल गिळला तर तो अन्ननलिकेत अडकून दोन तासांत गंभीर जखम करू शकतो. गिळल्याची नुसती शंका आली तरी लगेच रुग्णालय गाठा.

डॉक्टर काय तपासतील? उपचार आहे का?

दोन्ही डोळ्यांची नजर वेगवेगळी मोजतात, मग थेंब टाकून बाहुली मोठी करतात आणि पडदा पाहतात. थेंबांमुळे काही तास जवळचं धूसर दिसतं आणि उजेड सहन होत नाही. परत येताना गाडी दुसऱ्या कुणीतरी चालवावी. नंतर बहुधा ओसीटी स्कॅन होतो. त्यात डोळ्याला काही टोचत नाहीत, हनुवटी टेकवून एका खुणेकडे पाहायचं असतं. पडद्याचे थर एकावर एक उभ्या छेदात दिसतात, केकचा तुकडा कापल्यासारखे. नुसत्या तपासणीत सुटून जाणारी बारीक इजा त्यात सापडते.

उपचारांचं खरं सांगायचं तर जळालेल्या पेशी परत आणणारं औषध नाही. सूज कमी करायला काही डॉक्टर स्टेरॉइड देतात, पण त्याने हमखास फायदा होतो असं सिद्ध झालेलं नाही. पीतबिंदूला भोक पडलं असेल तर काही वेळा शस्त्रक्रियेने ते बुजवता येतं. रक्तस्राव झाला असेल किंवा पुढे नको त्या नव्या रक्तवाहिन्या उगवल्या तर त्यावर इलाज आहेत, म्हणून पुन्हा बोलावतात तेव्हा जायलाच हवं. हलक्या इजा काही आठवड्यांत, महिन्यांत बऱ्याच भरून येतात आणि नजर सुधारते. खोल इजेचा डाग कायम राहतो.

वर्गात किंवा सभागृहात वापरताना काय जपावं?

क्लास २ चा घ्या. आधी पडद्यावर नेम धरा, मग बटण दाबा. बोलून झालं की बटण सोडा आणि मगच लोकांकडे वळा. लोकांकडे वळताना बटण दाबलेलं राहणं ही सगळ्यात नेहमीची चूक आहे. हात थरथरत असेल तर कोपर टेबलावर टेकवा. मोठ्या टीव्हीवर किंवा एलईडी भिंतीवर लेझरचा ठिपका धड दिसतही नाही आणि गुळगुळीत पडद्यावरून झोत उलटा येतो, तिथे माउसचा बाण किंवा साधी छडी बरी. आमच्या शाळेत अशा वेळी मी छडीच वापरतो, बांबूची, टोकाला लाल कापड बांधलेली.

मांजर ठिपक्यामागे धावतं, चालेल?

तिच्याही डोळ्यात भिंग आहे आणि पडदा आहे. ती ठिपक्यावर झेप घेते तेव्हा तोंड नेमकं झोताच्या वाटेत येतं. दोरीला बांधलेला कागदाचा बोळा तिला तितकाच आवडतो.

आकाशदर्शनात हिरवा पॉइंटर लागतोच. मग कसा वापरायचा?

लागतो हे मलाही मान्य आहे. ‘तो बघा, कृत्तिकेच्या खाली जरा लालसर दिसतोय तो रोहिणी’ असं शंभर वेळा सांगूनही जे समजत नाही ते हिरव्या रेघेने एका क्षणात समजतं. हवेतल्या रेणूंवरून प्रकाश विखुरतो म्हणून ती रेघ दिसते.

आमच्या पठारावर आता असे नियम आहेत. पॉइंटर एकाच माणसाकडे, गळ्यात दोरीने अडकवलेला. मुलांच्या हातात कधीच नाही, ‘सर, एकदाच’ म्हटलं तरी नाही. बटण दाबण्याआधी मी मोठ्याने ‘लेझर’ म्हणतो, म्हणजे दुर्बिणीला डोळा लावलेले बाजूला होतात. हात डोक्याच्या वर गेल्याशिवाय बटण दाबायचं नाही आणि हात खाली येण्याआधी सोडायचं. क्षितिजाजवळचे तारे लेझरने दाखवायचे नाहीत, कारण त्या दिशेला दुसऱ्या टेकडीवर, रस्त्यावर, गच्चीत माणसं असू शकतात. एक स्वयंसेवक फक्त विमानांवर लक्ष ठेवतो. हलणारा दिवा दिसला की तो ‘विमान’ म्हणतो आणि पॉइंटर खिशात जातो.

विमान तर किती उंच असतं. तिथे काय फरक पडणार?

तीन किलोमीटरवर ५ मिलिवॅटच्या झोताने वैमानिकाच्या पडद्याला इजा होणार नाही, हे खरं. पण हाताच्या पंजाएवढा वाटणारा तो ठिपका तिथे तीन मीटर रुंद होतो आणि विमानाच्या काचेवरच्या बारीक ओरखड्यांवरून विखुरून सगळी कॉकपिट हिरवी करून टाकतो. विमान उतरत असेल, आत अंधार करून वैमानिक धावपट्टीचे दिवे शोधत असेल, अशा वेळी डोळे दिपले तर काय होईल याची कल्पना करा. अमेरिकेत २०२३ या एका वर्षात वैमानिकांनी अशा १३,३०४ घटना कळवल्या. तिथे विमानावर लेझर रोखल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, ब्रिटनच्या २०१८ च्या कायद्यातही तेवढीच आहे.

आपल्याकडे मुंबई, पुण्यासारख्या शहरांत विमानतळाच्या परिसरात लेझरवर बंदी घालणारे पोलिसांचे आदेश वेळोवेळी निघतात. आता ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात, पूर्वीचं कलम १४४. दुसऱ्याचा जीव किंवा सुरक्षितता धोक्यात घालणारं बेदरकार कृत्य न्याय संहितेच्या कलम १२५ मध्येही बसतं. दुचाकीस्वारावर, एसटीच्या चालकावर गंमत म्हणून लाईट मारणाऱ्या पोरांना हे कुणीतरी सांगायला हवं.

मिरवणुकीतल्या लेझर बीमचं काय?

तो पॉइंटर नव्हे, पण प्रश्न दरवर्षी येतो. डीजेच्या गाडीवरचे दिवे अनेकदा क्लास ४ चे असतात. नीट वापरायचे तर झोत प्रेक्षकांच्या डोक्यावरून जायला हवा, हलता राहायला हवा आणि यंत्र अडकलं तर आपोआप बंद व्हायला हवं. मिरवणुकीत गाडी हलते, दिवा वाकतो आणि झोत गर्दीच्या चेहऱ्यांवर येतो. नाशिक, पुणे, कोल्हापूर अशा शहरांतून विसर्जनानंतर तरुणांच्या पडद्यात रक्तस्राव झाल्याच्या बातम्या आल्या. २०२४ च्या गणेशोत्सवात पुणे पोलिसांनी अशा झोतांवर बंदीचा आदेशही काढला. झोत तोंडावर आला तर वर बघू नका. मान खाली घाला, मुलाला खांद्यावरून उतरवा आणि बाजूच्या गल्लीत शिरा. खांद्यावर बसलेल्या मुलाचा चेहरा दिव्याच्या सगळ्यात जवळ असतो.

गॉगल लावला तर?

साधा गॉगल लेझरसाठी नाही. त्याच्यामागे बाहुली उलट मोठी होते. लेझरचे चष्मे ठरावीक तरंगलांबीसाठी बनवतात आणि ती लांबी व किती प्रकाश अडतो तो आकडा त्यावर छापलेला असतो. हिरवा अडवणारा नारिंगी चष्मा गळका अवरक्त जाऊ देऊ शकतो.

दुकानातला बारकोड स्कॅनर, सुताराचं लेझर मीटर, मोबाइल?

स्कॅनर आणि मीटर बहुधा क्लास १ किंवा २ चे असतात. मुद्दाम टक लावून पाहू नका, एवढं पुरे. मोबाइलमधला चेहरा ओळखणारा लेझर क्लास १ मध्ये बसतो.

दुसऱ्या देशात जाताना सोबत नेला तर?

तिथले नियम आधी पाहा. सिडनीला उतरणाऱ्या विमानांवर लेझर मारल्यानंतर ऑस्ट्रेलियाने २००८ मध्ये १ मिलिवॅटवरच्या पॉइंटरची आयात परवान्याशिवाय बंद केली. स्वित्झर्लंडने २०१९ पासून क्लास १ सोडून बाकी सगळ्या पॉइंटरवर बंदी घातली आहे.

घरात जास्त ताकदीचा पॉइंटर निघाला. त्याचं काय करू?

विकू नका, कुणाला देऊही नका. सेल काढून वेगळे ठेवा आणि दोन्ही ई-कचऱ्यात द्या. माझा तो ६८ मिलिवॅटचा मी आधी पक्कडने पुढचं भिंग आणि डायोड चेपून टाकला, मग दिला. चेपताना सेल बाहेर होता.

सेल उतरलाय की पॉइंटर बिघडलाय हे बघायला नळीत कधीही डोकावू नका. भिंतीवर मारून पाहा. हिरवा पॉइंटर मंद झाला किंवा बंद पडला असं वाटलं तरी आतला ८०८ चा अवरक्त लेझर चालू असू शकतो. ‘बंदच आहे, खेळू दे’ म्हणून तो लहान मुलाच्या हातात द्यायचा नाही.